मेणकापडावरचीं माणसें

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)



बाजारपेठेंतून जातां-येतां दुकानांवरच्या पाट्या आपण सर्वच वाचतों. पण त्या पाट्या रंगविणाऱ्या माणसाचें नांव आपणांपैकीं कितीजणांस ठाऊक असतें? पाटी दुकानदाराची आणि अक्षरें मालाचीं. रंगाऱ्याचा वाटा फार तर कोपऱ्यांतल्या बारीक सहीपुरता. आज ज्याची हकीकत आपणांपुढें सांगण्याचें योजिलें आहे, तो असाच एक पाट्या रंगविणारा होता. कोणत्याही चित्रशाळेची पायरी तो विद्यार्थी म्हणून चढला नाहीं. गुत्त्यांच्या भिंतींसाठीं त्यानें चित्रें काढलीं, आणि त्यांचें मोल बहुतेक वेळां एक वेळचें जेवण व पेलाभर द्राक्षमद्य एवढेंच त्याच्या हातीं पडलें. त्याचें नांव निको पिरोस्मानाश्विली. जगांत तो पिरोस्मानी या आटोपशीर नांवानें ओळखला जातो.

त्याचा देश जॉर्जिया. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यांत, कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस हा देश वसलेला आहे. १८०१ सालीं रशियाच्या झारनें पूर्व जॉर्जियाचें राज्य आपल्या साम्राज्यांत सामील करून घेतलें. त्यानंतर शतकभराहून अधिक काळ रशियन अंमलदार तिफ्लिस शहरांत बसून त्या प्रांताचा कारभार पाहत असत. हें तिफ्लिस म्हणजेच आजचें तिबिलिसी. जॉर्जियन, आर्मेनियन, तार्तार, इराणी, रशियन असे नाना जातींचे लोक या शहरांत एकाच पेठेंत व्यापारउदीम करीत. पेठांतून जागोजागीं खाण्यापिण्याचे गुत्ते असत. जॉर्जियन भाषेंत त्यांस ‘दुकानी’ म्हणत व रशियन लोक ‘दुखान’ असा उच्चार करीत. शब्द ओळखीचा वाटला ना? ज्या अरबी-फारसी वाटेनें ‘दुकान’ हा शब्द आपल्या मराठींत उतरला, त्याच वाटेचा एक फांटा उत्तरेस कॉकेशसांत गेला. आपल्याकडे दुकानांत माल मिळतो. तिकडे मद्य, मासळी, भाकर आणि गाणेंबजावणें मिळे, इतकाच काय तो फरक. पिरोस्मानीचें उत्तरायुष्य या दुखानांच्या भिंतीपाशीं गेलें.

१८६२ सालीं काखेती प्रांतांतील मिर्झानी नांवाच्या खेड्यांत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. काखेती म्हणजे द्राक्षमळ्यांचा मुलूख. पोर लहान असतांनाच बाप वारला. ज्या सधन कुटुंबाच्या मळ्यावर बाप राबत असे, त्या कालांतारोव्ह कुटुंबानें निकोस आपल्याकडे ठेवून घेतलें व पुढें तो त्यांच्याच तिफ्लिसच्या घरीं वाढला. घरचा म्हणावें तर घरचा नव्हे, चाकर म्हणावें तर निव्वळ चाकरही नव्हे, अशा अधांतरीं नात्यानें वाढणारीं मुलें आपल्याकडच्या मोठ्या वाड्यांतूनही एके काळीं असत. त्यांच्या मनाची घडण कशी होते हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस निकोचा पुढला एकलकोंडा स्वभाव समजण्यास कठीण जाणार नाहीं. जॉर्जियन व रशियन या दोन्ही भाषा वाचण्यालिहिण्यापुरत्या तो या घरांत शिकला. चित्रकलेचें शिक्षण मात्र त्यास कोणीं दिलें नाहीं. तो आपला आपणच काढीत बसे.

विशीच्या उंबरठ्यावर, १८८२ च्या सुमारास, त्यानें गिगो झाझियाश्विली नांवाच्या आपल्यासारख्याच एका हौशी चित्रकाराबरोबर पाट्या रंगविण्याचा छोटासा कारखाना काढला. धंदा चालला नाहीं. कांहीं वर्षांनीं, १८९० सालीं, तो रेल्वेच्या चाकरींत शिरला. मालगाडीच्या डब्यावर उभें राहून खुणेसरशीं ब्रेक आवळावयाचे, असें तें काम. कॉकेशसची थंडी आणि उघड्यावरची रात्रपाळी! तीन-चार वर्षांत ती नोकरीही सुटली. मग त्यानें तिफ्लिसमध्यें दूध, दहीं, लोणी विकण्याचें दुकान थाटलें. या दुकानावर त्यानें एक पांढरी व एक काळी अशा दोन गायी रंगविल्या होत्या, अशी आठवण सांगतात. आरंभीं बरा पैसा मिळूं लागला, भागीदारही मिळाला. पण निकोचें चित्त तराजूंत कधींच नव्हतें. गल्ल्याजवळ बसण्याचा त्यास कंटाळा येई, हिशेब तुंबत, भागीदार चिडे. नवें शतक उजाडलें त्या सुमारास हेंही दुकान त्यानें सोडून दिलें, आणि वयाच्या चाळिशीच्या आंतबाहेर, ज्या वयांत आपल्याकडचा गृहस्थ मुलामुलींच्या लग्नांची चिंता करूं लागतो, त्या वयांत हा माणूस एका लहानशा पेटींत रंग व कुंचले घालून रस्त्यावर बाहेर पडला. यानंतर मरेपर्यंत त्याचा दुसरा धंदा नव्हता, घर नव्हतें आणि संसारही नव्हता.

त्याची दिनचर्या अशी असे. तिफ्लिसच्या रेल्वेस्टेशनच्या आसपास गुत्त्यांची मोठी दाटी होती. एखाद्या गुत्त्यांत तो जाई; मालकास पाटी हवी असे, भिंतीवर मेजवानीचें चित्र हवें असे, खिडकीच्या कांचेवर भाजलेलें कोंबडें व मद्याचा बुधला हवा असे. निको तें काढून देई. मोबदल्यांत जेवण, मद्य, थोडेफार पैसे, आणि कधीं कधीं त्याच गुत्त्याच्या तळघरांत निजण्यापुरती जागा. काम संपलें कीं दुसरा गुत्ता. बेगो नांवाचा एक गुत्तेवाला त्याचा विशेष स्नेही होता. त्याच्याकडे तो बराच काळ राहिला. ऑर्ताचाला भागांतील बागांमध्यें ‘एल्डोराडो’ नांवाचा गुत्ता होता, त्याच्या मालकासाठींही त्यानें पुष्कळ चित्रें काढलीं. गिऱ्हाइकांच्या फर्माइशी चमत्कारिक असत. कोणी म्हणे, या चित्रांत एक ससा घाला. येथें सशाचें काय काम, असें निकोस वाटे. पण माणूस प्रेमानें मागतो आहे, त्यास दुखवावें कशाला, म्हणून तो ससा घाली, अशी एक गोष्ट त्याच्याविषयीं सांगतात. मला ती खरी वाटते.

लाचारी मात्र त्याच्या अंगीं नव्हती. उंच, सडसडीत बांधा, डोक्यावर मऊ युरोपियन टोपी, अंगांत झिजलेला पण नीटस कोट, आणि चालण्यांत एक प्रकारची अदब. पेठेंतले लोक त्यास थट्टेनें ‘सरदार’ या अर्थाच्या नांवानें हांक मारीत. ज्याच्या खिशांत दमडी नाहीं त्यास अशी पदवी मिळणें ही थट्टा खरी. परंतु थट्टेंतही थोडा मान असतोच.

आतां त्याच्या चित्रांकडे वळूं. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं, ही या माध्यमाची मोठी अडचण. तेव्हां शब्दांवरच भागवावें लागणार.

पहिली गोष्ट, तो चित्रें काढी तीं बहुतेक काळ्या मेणकापडावर. गुत्त्यांतील मेजावरचीं मेणकापडें ओढून त्यांवरच तो रंगवी, अशी दंतकथा पुष्कळ दिवस चालत आली आहे. ती फार खरी धरूं नये. मेणकापड त्यानें समजूनउमजून निवडलें होतें. आपण कागदावर चित्र काढूं लागतों तेव्हां पांढऱ्यापासून आरंभ होतो व हळूहळू छाया भरीत आपण काळ्याकडे जातों. पिरोस्मानीची रीत नेमकी उलटी. त्याचा आरंभच काळ्यापासून. रात्रीचें आकाश, माणसाचे केस, भिवया, काळा अंगरखा, मद्याच्या बुधल्याची सांवली, हें कांहीं रंगवावयाचेंच नाहीं. तेवढी जागा मोकळी सोडावयाची, म्हणजे खालचा काळा पृष्ठभाग आपोआप रात्र होतो, केस होतो, अंगरखा होतो. त्या अंधारावर पांढरा, पिवळा, निळा, तांबडा असे मोजके रंग भराभर लावले कीं आकृति आंतून उजळल्यासारखी पुढें येते. दिवेलागणीला अंगणांत पणती ठेवली म्हणजे आजूबाजूचा काळोखही जसा कामास येतो, तसेंच हें. रंग थोडा लागतो, वेळ थोडा लागतो. पोटासाठीं झटपट काम उरकणाऱ्या माणसाची ही काटकसर होती, हें तर खरेंच. पण त्या काटकसरींतून जी पद्धत निघाली ती शाळेंत शिकून येती ना.

दुसरी गोष्ट, त्याच्या चित्रांतलीं माणसें. राजेरजवाडे त्यानें काढलेच नाहींत असें नव्हे. जॉर्जियाची मध्ययुगांतील राणी तामार, कवि शोता रुस्तावेली, हे त्यानें रंगविले. गुत्त्यांत अशा चित्रांना मागणीच असे, जशी आपल्याकडे शिवछत्रपतींच्या तसबिरीला. पण त्याचें खरें विश्व वेगळें. तांबडा सदरा घातलेला, पाण्यांत उघड्या पायांनीं उभा असलेला कोळी; त्याच्या डोक्यावर रुंद कडांची टोपी, एका हातांत मासा, दुसऱ्या हातांत बादली. वाड्याच्या दाराशीं राखण करणारा दाढीवाला दरवान. उंट हांकणारा तार्तार. गाईचें दूध काढणारी बाई. स्वयंपाकी. बाळाला घेऊन उभी असलेली दाई. गाढवावर बसून रोग्याकडे निघालेला खेड्यांतला डॉक्टर. मळणीचें खळें, द्राक्षांची तोडणी. काखेतीहून मद्य घेऊन येणारी आगगाडी; ती पाहतांना हा चित्रकार एके काळीं अशाच गाडीवर ब्रेक आवळीत होता हें आठवावें.

हीं सर्व माणसें आपल्याकडे समोरासमोर पाहतात. कोणी हंसत नाहीं, कोणी रडत नाहीं. जुन्या जॉर्जियन देवळांच्या भिंतींवर संतांचीं जीं चित्रें आहेत, त्यांत संत असेच सरळ उभे राहून आपणांकडे पाहत असतात. तीच बैठक पिरोस्मानीनें कोळ्यास व दरवानास दिली. मेजवानीच्या चित्रांत तर ही गोष्ट फारच ठळक दिसते. जॉर्जियन भोजन म्हणजे एक विधीच. एक जण यजमानपदीं बसून एकामागून एक शुभेच्छा उच्चारतो व शिंगांतून मद्य प्यालें जातें. पिरोस्मानीच्या चित्रांत पांढऱ्या चादरीच्या लांब मेजामागें चार-पांच मंडळी ओळीनें बसलेलीं असतात, हातांत शिंगें, मेजावर भाकरी, मासे, कोंबडी, मुळे. दारूचा गुत्ता म्हटला म्हणजे आपल्या मनांत जें धिंगाण्याचें चित्र उभें राहतें, त्याचा येथें मागमूस नाहीं. माणसें पंगतीस बसल्याप्रमाणें गंभीर आहेत. मी स्वतः मद्याला शिवलों नाहीं व शिवणारही नाहीं. पण या पंगतींत क्षणभर बसावें असें मलाही वाटतें, याची कबुली द्यावयास हरकत नाहीं.

एका चित्राचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्याचें नांव, ‘निपुत्रिक लक्षाधीश आणि लेंकुरवाळी गरीब बाई’. एका बाजूस उंची पोषाख केलेलें श्रीमंत जोडपें, दुसऱ्या बाजूस मुलांचें ओझें बाळगणारी दरिद्री बाई. चित्रकारानें कोणाचीही बाजू घेतलेली नाहीं. श्रीमंतांस राक्षस केलें नाहीं, गरिबीला हळदकुंकू वाहिलें नाहीं. एकाकडे पैसा आहे व मूल नाहीं, दुसरीकडे मुलें आहेत व पैसा नाहीं, दोघेंही एकमेकांसमोर उभीं आहेत, संपलें. ज्याला स्वतःला यांतलें एकही लाभलें नाहीं, त्या माणसानें हें चित्र काढलें आहे.

आकारमानाच्या बाबतींत त्याचें गणित निराळें होतें. जें महत्त्वाचें तें मोठें. यावरून मला माझीच एक चूक आठवते. मी शाळेंत असतांना चित्रकलेचे मास्तर रजेवर गेले म्हणजे तो तास माझ्याकडे येई. एकदां ‘कुंभाराचें घर’ हा विषय दिला होता. एका मुलानें गाढव काढलें तें कुंभाराहून, किंबहुना घराहूनही थोर. मीं त्यावर तांबड्या शाईनें फुली मारली. मुलगा कुंभाराचाच होता. तो हळूच म्हणाला, “गुरुजी, आमचें घर त्याच्यावरच चालतें.” मीं त्यास खालीं बसावयास सांगितलें. पुढें पुष्कळ वर्षांनीं पिरोस्मानीच्या चित्रांच्या प्रतिकृति प्रथम पाहिल्या, तेव्हां त्या फुलीची मला लाज वाटली. तो मुलगा पुढें चित्रें काढीत राहिला कीं नाहीं, कोण जाणे.

एका फ्रेंच नटीचें चित्र त्यानें १९०९ सालीं काढलें. पांढरा झगा, हातांत फुलांचा गुच्छ, खांद्यावर पांखरें, अशी ती मार्गारीता. या चित्राभोंवतीं जी प्रेमकथा रचली गेली ती आपणांपैकीं कांहींजणांच्या कानांवर आलीच असेल: निकोनें म्हणे आपलें दुकान विकलें, शहरांतलीं सारीं फुलें विकत घेतलीं आणि तिच्या दारापुढचा रस्ता फुलांनीं भरून टाकला. १९८० नंतरच्या काळांत यावर रशियन भाषेंत एक गाणें झालें व तें जगभर गाजलें. कथा गोड आहे. पण त्याचें दुधाचें दुकान कंटाळ्यानें व भांडणानें बुडालें होतें, फुलांपायीं नव्हे. जो मनुष्य जन्मभर इतरांचीं साधीं दुःखें इतक्या संयमानें रंगवीत आला, त्याच्या नांवावर लोकांनीं अशी भडक गोष्ट चिकटवावी याचें नवल वाटतें. असो.

आतां १९१२ सालाकडे येऊं. त्या उन्हाळ्यांत तीन तरुण तिफ्लिसमध्यें भटकत होते: किरिल व इलिया झ्दानेविच हे दोघे भाऊ आणि त्यांचा मित्र मिखाइल ले-दांत्यु. तिघेही विशीच्या आसपासचे, युरोपांतल्या नव्या चित्रकलेनें भारलेले. एके संध्याकाळीं स्टेशनाजवळच्या ‘वार्याग’ नांवाच्या गुत्त्यांत ते जेवावयास शिरले. भिंतीवर चित्रें होतीं. जेवण बाजूस राहिलें. हीं कोणाचीं चित्रें, म्हणून मालकास विचारलें, तेव्हां निको नांवाचा एक रंगारी आहे, तो कुठें असतो याचा नेम नाहीं, असें उत्तर मिळालें. मग या तरुणांनीं गुत्ता गुत्ता पालथा घालून चित्रें जमविण्यास आरंभ केला. गुत्तेवाल्यांस आश्चर्य वाटे, कीं या शिकल्यासवरल्या पोरांस या जुन्या मेणकापडांत काय दिसलें!

त्यांनीं चित्रकारासही हुडकून काढलें. १९१३ च्या आरंभीं इलियानें त्याच्याकडून आपलें चित्र काढून घेतलें व तिफ्लिसच्या एका वृत्तपत्रांत त्याच्यावर लेख लिहिला. त्याच वर्षीं मार्च महिन्यांत मॉस्को येथें ‘निशाण’ या अर्थाच्या नांवाचें एक प्रदर्शन भरलें. लारिओनोव्ह, गोंचारोव्हा, शगाल अशा नव्या दमाच्या चित्रकारांच्या कृतींशेजारीं पिरोस्मानीचीं चार चित्रें तेथें लागलीं. पण मॉस्कोच्या प्रदर्शनानें तिफ्लिसच्या तळघरांत भाकर येत नाहीं. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. रशियन सरकारनें दारूविक्रीवर बंदी घातली. गुत्त्यांचा धंदा बसला, आणि गुत्त्यांवर जगणाऱ्या रंगाऱ्याचाही बसला. ज्यांच्या भिंती त्यानें रंगविल्या होत्या, त्यांच्यापाशींच आतां द्यावयास कांहीं उरलें नव्हतें.

१९१६ सालीं एकदां दैव त्याच्याकडे वळून पाहतें कीं काय असें वाटलें. मे महिन्यांत किरिल झ्दानेविचच्या चित्रशाळेंत त्याच्या चित्रांचें एक दिवसाचें प्रदर्शन भरलें. नव्यानेंच निघालेल्या जॉर्जियन कलावंतांच्या संस्थेनें शोध करून निकोस आपल्या बैठकीस बोलाविलें. शहरांतले नामवंत चित्रकार व विद्वान जमले होते. त्यांच्यामध्यें हा म्हातारा एका खुर्चीवर ताठ, अवघडून, भिंतीवरच्या एका चित्राकडे दृष्टि लावून बसून राहिला. शेवटीं तो बोलला. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ लोकांनीं जपून ठेवला आहे. तो म्हणाला, शहराच्या मध्यभागीं, सर्वांना जवळ पडेल असें एक मोठें लांकडी घर बांधावें. त्यांत एक मोठें मेज व एक मोठें सामोवार आणावें. मग तेथें बसून चहा प्यावा, पुष्कळ चहा प्यावा, आणि चित्रांविषयीं व कलेविषयीं बोलावें. नंतर हलकेंच त्यानें असेंही म्हटलें, कीं पण तुम्हांला तें नको आहे, तुम्ही कांहीं निराळेंच बोलतां. मला तर हें बोलणें त्याच्या मेजवानीच्या चित्रासारखेंच वाटतें. मद्याच्या जागीं चहा आला, एवढेंच. ज्याला निजण्यास जागा नव्हती त्यानें स्वतःसाठीं खोली मागितली नाहीं, सर्वांसाठीं घर मागितलें.

संस्थेनें त्यास थोडी मदत केली, त्याचें छायाचित्र काढविलें. पण जुलै महिन्यांत तिफ्लिसच्या एका जॉर्जियन पत्रांत एक व्यंगचित्र छापून आलें. त्यांत एक टीकाकार पिरोस्मानीला उपदेश करतो आहे, कीं बाबा, तूं शिकलें पाहिजेस. या वयांतही कांहीं बिघडलें नाहीं. दहा-वीस वर्षांत तूं चांगला चित्रकार होशील, आणि मग आम्ही तुला होतकरूंच्या प्रदर्शनांत पाठवूं. चौपन्न वर्षांच्या माणसास हें सांगितलें जात होतें. ज्यांनीं तें छापलें त्यांस तो एक विनोद वाटला असेल. आम्हां मास्तर लोकांस हा विनोद बरोबर समजतो, कारण तो आम्हीच वर्गावर्गांतून करीत आलों आहोंत. पेठेंतल्या लोकांनींही तें पत्र पाहिलें. आजवर ज्या गुत्त्यांत तो ‘सरदार’ होता, तेथें आतां त्यास लोक हंसत. एका दिवसांत त्याची पत गेली. संस्थेच्या लोकांकडे तो पुन्हां फिरकला नाहीं. शिकलेल्यांच्या जगानें त्यास बोलावून नेलें आणि त्याच जगानें त्याला त्याच्या स्वतःच्या जगांतूनही उठविलें, असें हें दुहेरी नुकसान झालें. व्यंगचित्र निघालेंच नसतें तर तो सुखांत मेला असता असें मी म्हणत नाहीं. युद्धकाळ होता, उपासमार होती. पण स्वतःच्या पेठेंत मान खालीं घालून चालण्याची पाळी तरी त्यावर आली नसती.

पुढचीं दोन वर्षें थोडक्यांत सांगतों, कारण त्यांत सांगण्यासारखें फारसें नाहीं व जें आहे तें सांगवत नाहीं. १९१८ च्या वसंतांत स्टेशनाजवळच्या मोलोकान गल्लींतील एका तळघरांत, जिन्याखालच्या खोलींत, तो आजारी पडून राहिला. शेजारीं राहणाऱ्या एका चांभारानें कण्हणें ऐकून दार उघडलें, तों आंत अंधारांत जमिनीवर निको पडलेला. तीन दिवसांपासून उठवत नाहीं, असें तो म्हणाला. त्यास गाडींत घालून इस्पितळांत नेलें. दीड दिवसानें तो मरण पावला. त्यास कोठें पुरलें त्या जागेवर दगड नाहीं, खूण नाहीं. त्याच वर्षीं २६ मे रोजीं जॉर्जियानें आपण स्वतंत्र झाल्याचें जाहीर केलें.

चित्रें मात्र राहिलीं. सर्व नाहींत, भिंतींवरचीं चुन्याखालीं गेलीं, कांचेवरचीं फुटलीं, पाट्या सरपणांत गेल्या असतील. तरी सुमारें दोनशें वांचलीं, तीं मुख्यतः झ्दानेविच बंधूंच्या चिकाटीमुळें. किरिलनें जमविलेलीं चित्रें तिबिलिसीच्या संग्रहालयांत गेलीं. १९२६ सालीं त्याच्यावरचें पहिलें पुस्तक निघालें. इलिया देश सोडून पॅरिसला गेला व तेथें ‘इलियाझ्द’ या नांवानें ग्रंथ छापूं लागला. आपल्या तरुणपणींचा तो रंगारी त्याच्या मनांतून गेला नाहीं. १९६९ सालीं पॅरिस येथें पिरोस्मानीचें प्रदर्शन भरलें, त्याच वर्षीं गिओर्गी शेंगेलाया यानें त्याच्या जीवनावर एक चित्रपट काढला, आणि १९७२ सालीं, म्हणजे त्या ‘वार्याग’ गुत्त्यांतल्या जेवणानंतर साठ वर्षांनीं, इलियानें एक छोटेखानी पुस्तक छापलें. त्यासाठीं पिरोस्मानीची आकृति नव्वदीच्या घरांतल्या पिकासोनें कोरून दिली. जॉर्जिया पुन्हां स्वतंत्र झाल्यावर एक लारीच्या नोटेवर त्याची मुद्रा छापली गेली. मिर्झानीस त्याचें स्मारक-संग्रहालय आहे, आणि तो ज्या गल्लींत शेवटीं पडून होता तिला पुढें त्याचेंच नांव मिळालें.

१९१६ सालचें तें छायाचित्र आज उपलब्ध आहे. काळा कोट, मिशा, थोडे वर चढविलेले खांदे, हात मांडीवर. छायाचित्रकारानें सांगितल्याप्रमाणें तो सरळ समोर पाहतो आहे, हंसत नाहीं. आपल्या कोळ्यास, दरवानास आणि स्वयंपाक्यास तो जसें बसवीत असे, तसाच तो बसला आहे.